चुकीचा रकाना

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

लेकीच्या, सायलीच्या, दिवाळीच्या ड्रेसचं माप घेतलं. दंड सव्वाआठ! गेल्या दिवाळीला साडेनऊ होता. मांडीतही अडीच इंच कमी. गळा मात्र इंचभर जास्त. वजन तेच, बावन्न. टेप ताणली असणार. कापडी टेप वर्षभरात ताणते, हे उस्मानपुऱ्यातल्या किती टेलरांना ठाऊक आहे? मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पण एवढं कळतं.

७ ऑक्टोबर

नवी टेप आणली. स्टीलच्या पट्टीवर तपासून घेतली. दंड सव्वाआठच. आणि जुनी ताणलेली असती तर गळाही कमीच भरला असता – हे कालच सुचायला हवं होतं.

मापाच्या वहीत माझा शेवटचा रकाना चुकीचा, म्हणजे चूक लिहायचा. काही बिघडलं की लाल पेनानं लिहितो, चूक कुणाची – कापडाची, गिऱ्हाइकाची, काजं करणाऱ्याची. बावीस वर्षांत 'माझी' एकदाही नाही. आज रकाना कोरा.

१९ ऑक्टोबर

सायलीला कॉलेजात चक्कर आली, म्हणून रक्त तपासलं. साखर दोनशे चाळीस. सोळाव्या वर्षी! नळीतल्या रक्तावर दुधासारखा थर, लॅबवाल्यानं मला दाखवला. रक्तातली चरबी अकराशे ऐंशी. हवी दीडशेच्या आत. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, बाहेरचं तेलकट बंद करा. ती म्हणाली, मी खातच नाय. "मग हवेतून आलं का?" – हे मी म्हणालो. सगळ्यांसमोर.

फराळाचे डबे कपाटात. किल्ली माझ्या खिशात.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तिनं चकलीला हात लावला नाही. नवा ड्रेस घातला. दंड झाकावेत म्हणून मी बाह्यांना चुण्या घालून फुगवल्या होत्या. म्हणाली, "लपवायचंच होतं तर पोतं शिवायचं, बाबा." मी हसलो. ती नाही हसली.

११ नोव्हेंबर

पुन्हा रक्त. अकराशे वीस. बायको, सुलेखा, एवढंच म्हणाली, "किल्ली तर तुमच्याच खिशात व्हती."

१८ नोव्हेंबर

मोठ्या डॉक्टरांकडं गेलो – वैदेही मॅडम. वही सोबत नेली. सायलीच्या बाराव्या वर्षापासूनची मापं, पाव इंचापर्यंत. मॅडमनी तपासणं थांबवून वही वाचली, बोट फिरवत. मग समजावलं – हिच्या शरीराला चरबी जागच्या जागी ठेवता येत नाही. हातापायांतून उतरते, मानेवर चढते, रक्तात आणि लिव्हरात साचते. जन्मापासूनची ठेवण. नाव लिहून घेतलं: पार्शल लिपोडिस्ट्रॉफी. पथ्य आहे, औषधं आहेत.

"तिच्या खाण्यानं हे झालेलं नाही."

सायली माझ्याकडं बघत होती. मी वहीकडं.

घराण्यात कुणाला आहे? मी लगेच सांगितलं, फुलंब्रीच्या सासूबाईंची मान जाड होती. सुलेखा म्हणाली, "व्हय, माझी आईच सापडली." मॅडमनी मला पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली. पोटऱ्या दगडासारख्या, शिरा दोरीसारख्या. बावीस वर्षं पायमशीन मारतोय, म्हणालो. साखर आहे का, त्यांनी विचारलं. अडतिसाव्या वर्षापासून – बैठं काम ना!

मॅडमनी तेही लिहून घेतलं. आनुवंशिक तपासणीसाठी आम्हा नवराबायकोचंही रक्त घ्यायला सांगितलं.

१९ नोव्हेंबर

किल्ली सायलीच्या हातात ठेवली.  तिनं कपाट उघडलं, डब्यातली तळाची चकली काढून मला दिली. मऊ पडली होती. सगळी खाल्ली.

९ जानेवारी २०२५

रिपोर्ट आले. सुलेखाचा साफ. माझ्याकडून आलंय.

वही उघडली. सायलीच्या मापापुढं, शेवटच्या रकान्यात लाल पेनानं लिहिलं – माझी. तिनं पेन काढून घेतलं, शब्द खोडला.

"चूक नाय, बाबा. माप आहे."

मग टेप माझ्या दंडाला लावली. म्हणाली, सरळ उभे राहा.