मित्राचं उत्तर

४ ऑक्टोबर
आलो बाबा एकदाचा! वरच्या मजल्यावर स्वच्छ खोली, पूर्वेला खिडकी, लिहायला भक्कम टेबल. पंचवीस वर्षं शाळेत पोरांची अक्षरं सुधारली, आता माझ्याच अक्षराला मागणी आली. घरमालक आबांची सगळी हयात प्राणी-पक्ष्यांच्या अभ्यासात गेली. डोळे गेलेत, हात मात्र अजून लोहाराचे. सातासमुद्रापार त्यांचा एक मित्र आहे, चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार. त्याचं पत्र वाचून दाखवायचं, आबा सांगतील ते उत्तर लिहायचं, बस्स. त्यांची लेक, ताई, फार मायाळू. दुसऱ्यांदा वाढताना म्हणाली, मास्तर, लाजाल तर उपाशी राहाल.

९ ऑक्टोबर
मित्राचं पत्र आलं. सुरुवातीला संधिवात, नातवंडं. मग त्याने एक हरीण बांधून बुडवलं ते. किती वेळ तडफडलं, कोणता पाय आधी थांबला, सगळी बारीक नोंद. माझा आवाज अडखळला. आबा खुशीत म्हणाले, थांबू नका, खरी गंमत पुढेच आहे. मग उत्तरात लिहायला म्हणून त्यांनी अंगणात सशाचा गळा धरला. आवळायचा, सैल सोडायचा, पुन्हा आवळायचा. अकरा मिनिटं. ती मीच लिहिली. जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टोबर
आजच्या पत्रात जनावर नव्हतं. मित्राचा स्वयंपाकी होता. शेवटी लिहिलं होतं, आता तुझी पाळी, म्हाताऱ्या.
मी ते वाचलंच नाही. बगळे, घरटी, अंडी, तोंडाला येईल ते रचून सांगितलं. आबांना पटलं असावं. मग आबांच्या नावाने मीच उत्तर लिहिलं : थकलो रे, हा खेळ पुरे, तूही थांब. पेटीत टाकून आलो तेव्हा कुठे हायसं वाटलं.

२७ नोव्हेंबर
उत्तर आलं, पण माझ्या हाती नाही. लेकीने घेतलं, तिनेच वाचलं. मी जिन्यात उभा. मित्र लिहितो : चाळीस वर्षांत तू मला कधी थांब म्हणाला नाहीस. तुझा मास्तर परस्पर लिहितो. स्वयंपाक्याचं तुला त्याने सांगितलं तरी का?
मी मागच्या दाराकडे धावलो. कुलूप. ताईंनी मायेने धरावा तसा माझा हात चौकटीवर धरला — आबांनी हातोडी घातली — मनगटाचं हाड —

२८ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. कसाबसा वर आलो, टेबल दाराला लावलंय. पोस्टमन दिसला, खिडकीतून ओरडलो. ताईंनी त्याला सांगितलं, मास्तरांना भ्रम झालाय. तो हळहळून गेला.

कुऱ्हाड. आंधळा माणूस, पण घाव एकाच जागी — फळी फुटली. भोकातून खुर्चीचा पाय खुपसला, आबांच्या तोंडावर बसला. दात पडले, रक्त. ओरडले नाहीत. विचारतात, मास्तर, श्वास कसा चाललाय, नीट सांगा, पत्रात लिहायचंय —

टेबल सरकतंय — ताईंचा हात आत आला, कडकडून चावलो — तरी सोडत नाही. बापाला समजावतेय, बाबा, डावीकडे, अजून थोडं डावीकडे, हं, इथेच आहेत मास्तर —

बोटं — गळ्या