न धुतलेली खसखस

दि. ४ जून

चि. घुबडास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नुसत्या जांभया! वाचता वाचता मलाच दोन आल्या. फोनवर तू हो ताई, हो ताई करतोस आणि आपलंच घोडं पुढे दामटतोस, म्हणून हे कागदावर लिहिते. कागद निदान भिंतीला चिकटवता येतो.

पाळ्या बदलून बदलून तुझ्या झोपेचं पार खोबरं झालंय हे कळलं. अरे, एवढ्या उंचावर बसून कंटेनर उचलणारा माणूस पेंगायला लागला तर खालच्यांनी काय डोक्यावर पातेली घालून फिरायचं? त्यात आता तुझी मोठ्या क्रेनची परीक्षा आली. ती मिळाली की कायमची दिवसपाळी, रोज रात्री स्वतःच्या अंथरुणात, बायकोच्या समोर. एवढी चांगली गोष्ट झोपेपायी घालवू नकोस.

तर औषध सांगते. खसखस. हसू नकोस. इथे कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वाटतं की मी रश्श्यात काजू घालते. कोण देतंय मला काजू! खसखस कोमट पाण्यात भिजवायची, खोबऱ्याबरोबर गंधासारखी वाटायची आणि तेल सुटेपर्यंत परतायची. पाणचटातला पाणचट रस्साही मग अंग धरतो. दुधात शिजवली तर खीर, गुळात घोळवली तर वडी, पाव भाजायच्या आधी वरून भुरभुरली तर तोच पाव दुकानातला वाटतो. शिवाय पोटाला थंड, कोठा साफ, हाडांना कॅल्शियम. आमचा भांडारवाला तोंड आलं की माझ्याकडे चिमूटभर मागायला येतो, आणि एरवी मला मिठाचा खडा देताना त्याचा जीव जातो.

झोपेसाठी मात्र तिची रीत वेगळी. दोन मुठी खसखस संध्याकाळी दुधात भिजत घाल, निजताना बारीक वाट, साखर घालून सगळी पिऊन टाक. धुऊ नकोस, धुतली की सत्त्व निघून जातं असं आई म्हणायची. भाजूही नकोस, भाजलेली उष्ण पडते. बंदराकडे येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर मोठी पिशवी पाठवते आहे. नवं पोतं आजच फोडलं. जरा कोंडा आहे, पण माल अस्सल.

वहिनीला सांग, दूध उकळून गार केलेलं घे म्हणावं. मला विसरू नका, आणि झोपेत तरी माझ्याशी भांडू नकोस.

तुझी
ताई

~

दि. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू डॉक्टर व्हायचीस ती चुकून आचारी झालीस! गेले दहाबारा दिवस मी असा झोपतोय की ही सकाळी मला हलवून बघते, आहे ना म्हणून. परवा तर शेजारच्यांच्या पोराने दारात पत्र्याचा डबा बडवला तरी मी ढिम्म. घुबड ही पदवी आता परत घे.

तुझं दूध कडवट लागतं हे मात्र खरं. पहिल्या दिवशी तोंड असं झालं की ही हसून हसून भिंतीला टेकली. दोन मुठी म्हणजे माझ्या मुठी, त्या तुला माहीत आहेत. वाटून झाल्यावर दूध कसलं, पिठलंच होतं. पण ताईने सांगितलंय म्हटल्यावर चमच्याने खरवडून संपवतो. धुवायची नाही हे हिला पटत नव्हतं, ती तांदूळसुद्धा चार पाण्यांनी धुते. मी तुझा कागद दाखवला तेव्हा चाळणी बाजूला ठेवली.

परीक्षा पुढच्या आठवड्यात. आधी क्रेन चालवून दाखवायची, मग डोळे, कान, रक्त, लघवी, सगळ्याची तपासणी. क्रेनची भीती नाही, सुईची आहे. मोठ्या क्रेनची केबिन बघून आलो. खुर्ची अशी की तुझ्या घरातही नसेल. ही आत्तापासून रात्रीच्या जेवणाचे बेत करते आहे, कारण लग्न झाल्यापासून सलग महिनाभर आम्ही एकत्र जेवलो असं झालेलंच नाही.

तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे. पिशवी संपत आलीय, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

तुझा
माजी घुबड

~

दि. २९ जून

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मी आपण होऊन तुम्हाला कधी लिहीत नाही, म्हणून अक्षर बघून दचकाल. फोन केला असता, पण आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि हे दिवसभर घरातच आहेत. हे घरात का, तेच लिहायला बसले आहे.

क्रेनच्या परीक्षेत हे पहिले आले. खालच्या मुकादमाने पाठ थोपटली. मग तपासणीचा कागद आला आणि सगळंच फिसकटलं. लघवीत अफूचा अंश सापडला. वन्सं, अफू! यांना त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं. मोठी क्रेन राहिली बाजूला, आता आहे तो परवानाही जायची वेळ आली आहे. येत्या सोमवारी पुन्हा तपासणी. त्यातही तेच निघालं तर कुठल्याच बंदरात यांना कोणी क्रेनला हात लावू देणार नाही.

हे म्हणतात की मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, तुला ठाऊक आहे. ठाऊक आहेच हो मला. पण मागल्या वर्षी यांच्याच पाळीतले दोघे गोळ्या खाताना सापडले, तेही असंच म्हणत होते. आणि हे आजकाल झोपतात किती गाढ! आधी त्या झोपेचं कौतुक वाटायचं, आता तिचीच भीती वाटते. वन्सं, तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही, काल हे आंघोळीला गेले तेव्हा मी यांचे खिसे तपासले. डबा उघडून पाहिला, बुटांत हात घालून पाहिला. काही सापडलं नाही. तरी मन निवळलं नाही, उलट स्वतःची शरम वाटली.

हे आता जेवत नाहीत, खिडकीतून क्रेनचा नुसता दांडा दिसतो तिकडे बघत बसतात. सोमवारी निदान चेहरा तरी ताजा असावा, म्हणून तुमचं ते दूध मी रोज आठवणीने करते. तुम्ही पाठवलेली दुसरी पिशवी आहेच, म्हणून कालपासून खसखस जरा जास्तच घालते.

यांना मी लिहिल्याचं कळू देऊ नका. काही सुचलं तर सांगा, माझं डोकं चालत नाही. तुमची माया आहेच, ती या घरावर आता जरा जास्त लागणार आहे.

तुमची
भावजय

~

दि. २ जुलै

चि. घुबडास आणि सौ. वहिनीस, दोघांना मिळून,
अ. उ. आ.

वहिनी, मघाशी फोनवर मी जी किंचाळले त्याबद्दल माफ कर. तुझं पत्र मी भाजी चिरता चिरता वाचत होते. शेवटच्या ओळींशी आले आणि सुरी टाकून सरळ फोनकडे धावले. दूध मोरीत ओत, एवढंच तुला ऐकू गेलं असेल. बाकीचं मी रडत बोलले, ते मलाही कळलं नाही. म्हणून आता शांतपणे लिहिते. हा कागद तसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवा.

अरे बाबा, खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी! आयुष्य गेलं माझं तिच्यात, पण सवयीच्या वस्तूचं कूळ कोण आठवत बसतं? बी बिचारं गरीब असतं, त्यात नशा नसते. पण बोंडाचा चीक त्याला बाहेरून लागलेला राहतो. एरवी मी खसखस धुते, निथळते, भाजते, मग शिजवते, आणि माणशी जाते किती? चमचा, अर्धा चमचा. तुला मात्र सांगितलं धुऊ नको, भाजू नको. त्यात नव्या पोत्यात कोंडा, म्हणजे बोंडांचा भुगाच तो. आणि दोन मुठी! दोन मुठी हे माझ्या दहा माणसांच्या खिरीचं माप. हाताला पातेल्यांची सवय, लिहितानाही तेच उतरलं. दहा जणांची खीर कच्ची, न धुतलेली, तू एकटा रोज पीत होतास, तीही तुझ्या त्या फावड्यासारख्या मुठींनी मोजून. तुझ्या जिवाला काही झालं नाही हे नशीब. कडवट लागते असं तू लिहिलंस तेव्हाच मला उमगायला हवं होतं. मी आपली डॉक्टर म्हटल्यावर फुगून बसले.

त्याच पोत्यातली पिशवी पुरावा म्हणून मोहोर लावून सोबत पाठवते. आमच्या व्यवस्थापकाची सही घेतली आहे. सोमवारपर्यंत खसखशीचा एक दाणाही पोटात जाता कामा नये, पावावरचासुद्धा नाही.

आणि वहिनी, खिसे तपासलेस त्यात शरमेचं काय? घर तुझं, माणूस तुझं. त्याला कळू देऊ नका म्हणालीस ते आता जमणार नाही, पण मला सगळं लिहिलंस म्हणून तर हे कळलं. नाहीतर तू प्रेमाने मुठी वाढवत राहिली असतीस आणि सोमवारी काय झालं असतं याचा विचारही मला करवत नाही.

घुबडा, रागावायचं तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नाही. कळव लवकर. इकडे माझा घास गळ्याखाली उतरत नाही, आणि आचाऱ्याने उपाशी राहिलेलं बरं दिसत नाही.

तुमची
मूर्ख ताई

~

दि. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी जेव. पानावर बसूनच हे वाच. सुटलो!

फोनवर निम्मं सांगितलं, बाकीचं ऐक. सोमवारची तपासणी स्वच्छ आली. आम्हाला वाटलं संपलं, पण बंदराचे डॉक्टर मोठे चिवट. म्हणाले, यावरून एवढंच दिसतं की गडी आता घेत नाही. आधी घेत नव्हता कशावरून? तुझं पत्र वाचून तर ते हसले. खसखशीने असा कागद येतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पण पकडलेला जो तो तीच सबब सांगतो म्हणे. एवढं बोलून पत्र बाजूला सारलं.

तेव्हा ही पुढे झाली. दारात उभी राहून कधी मोठ्याने न बोलणारी बाई त्यांच्या टेबलाशी गेली, तुझी पिशवी समोर ठेवली आणि म्हणाली की करून देते, तुम्हीच पिऊन बघा. मला वाटलं आता हाकलतील दोघांना. पण त्या चिवट माणसाला ते एकदम पटलं! पिशवीतली थोडी त्यांनी प्रयोगशाळेला पाठवली आणि उरलेल्यातली सांगितल्या मापाने, तिथल्या नर्सच्या देखरेखीखाली, स्वतः घेतली. खरवडून खाताना चेहरा बघण्यासारखा होता, नर्स तोंड फिरवून उभी होती. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच लघवी तपासायला दिली.

कागद आला. साहेबांच्या लघवीत अफू! माझ्याइतकीच. अख्ख्या बंदरात हसू. माझ्या पाळीतले लोक विचारायला लागले की आता डॉक्टरांनाही घरी बसवणार का. तेही हसले, पण मग मला समोर बसवून चांगलं खडसावलं. स्वयंपाकात धुऊन, भाजून, चिमूटभर खाल्ली तर ती चांगलीच, ताईचा रस्सा खुशाल खावा. पण हे असं कच्चं, मुठीमुठीने पिणं म्हणजे आगीशी खेळ, श्वास अडकून माणूस जाऊही शकतो. आणि क्रेनवर असेपर्यंत मी तिच्या वाटेलाही जाऊ नये. परवाना परत मिळाला. मोठी क्रेनही मिळाली. झोपेचं काय म्हणशील, तर मन हलकं झाल्यापासून नुसत्या दुधावरही लागते.

खिशांचं तिने मला आपण होऊन सांगितलं, तुझा फोन आला त्याच रात्री, पत्र यायच्या आधी, मान खाली घालून. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. माझा रुमाल कधी घडी घातलेला असतो का? मी काही बोललो नाही, कारण तिच्या जागी मी असतो तर अस्तरसुद्धा उसवून पाहिलं असतं. हे तिला सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग माझ्यावरच चिडली, की कळलं होतं तर चार दिवस तिला तसंच का जळू दिलं. बरोबर आहे तिचं. तू मूर्ख म्हणून सही केलीस तीही परत घे. सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, तू एकटीने पोतं बघितलंस.

काल पहिला दिवस. मी डबा घेऊन निघालो तर ही चपला घालून दारात तयार. फाटकापर्यंत आली. पहारेकरी आत सोडेना, तशी कुंपणाला धरून उभी राहिली. मी शिडी चढलो, खुर्चीत बसलो आणि खाली पाहिलं. तेवढ्या उंचावरून माणसं ओळखू येत नाहीत गं, सगळे ठिपके. जो तो आपल्या कामात, खाली बघून चाललेला. ही मात्र लगेच सापडली. सगळ्या बंदरात ती एकटीच मान वर करून बघत होती. पहिला कंटेनर मी असा अलगद टेकवला की खालच्या मुकादमाला आवाजच आला नाही.

दिवसपाळीच्या लोकांकडे जेवायला ये, आणि येताना नेहमीसारखी भांडणं घेऊन ये. जशी माया करतेस तशीच करत राहा, फक्त माप विचारून.

तुझा
धाकटा