दाजींच्या इंजिनातलं औषध

सांगली,
ता. २६ मे १९९६

ती. आक्कास,
कपिलचा जयभीम आणि पायांवर डोकं. वि. वि.

तुझं पत्र जयंतीच्या आधी आलं आणि उत्तर मी आज लिहितोय. टाळलं, हे कबूल करतो. तीनदा आंतरदेशीय पत्र विकत घेतलं. एकावर चहा सांडला, एकावर एका ट्रकवाल्याला जतचा रस्ता काढून दिला, तिसरं कुठं गेलं ते मलाच ठावं न्हाई. आई असती तर म्हणाली असती, ह्याच्या पायाची भिंगरी आता हातालाही लागली.

बातमी अशी, की मला काम लागलंय. तासगावात बेदाण्याच्या शेडवर होतो, ते सोडलं. मालकानं मला जाळ्यांखाली झोपलेला दोनदा बघितलं होतं, तिसऱ्यांदा बघायची वाट मी बघितली न्हाई. आता सांगलीत हंबीरराव म्हणून एक दुकानदार हायत, गाड्यांचं ऑइल विकतात, त्यांच्याकडं आहे. माझ्याकडं एकच माल, इंजिनाच्या ऑइलात टाकायचं औषध. बाटलीवर पळत्या हरणाचं चित्र. गावोगावचे बाजार आणि गॅरेजं फिरत विकायचं. फिरायचा पगार मिळतो, आक्का. हे काम कुणीतरी माझ्यासाठीच शोधून काढलं असणार.

बरोबर एक मशीन दिलंय. मोटरीवर लोखंडी कडं फिरतं. त्याच्यावर दांड्यानं एक पोलादी गोळी दाबायची आणि दांड्याला वजनं अडकवायची. कड्याला नुसतं ऑइल असलं तर दोन वजनांतच ते किंचाळतं आणि थांबतं. मग आमचं औषध सोडायचं. सहा वजनं अडकवली तरी कडं गुमान फिरत राहतं. ड्रायव्हर लोक गप होऊन बघतात. मी बोलतो आणि माणसं गप बसतात असं माझ्या जन्मात कवा झालं नव्हतं.

दाजींसाठी दोन बाटल्या टेम्पोवाल्या गुंडाबरोबर धाडल्यात. पावसाळ्यात गाडी उभी करायच्या आधी ऑइलात ओतायच्या आणि इंजिन दहा मिनिटं चालवायचं. म्हंजे चार महिन्यांच्या ओलीत आतून गंज न्हाई. दाजींना सांग, जुनं ऑइल काढून टाकायचं कामच न्हाई आता. कंपनीच्या माणसानं आम्हाला सांगितलंय, ऑइल समदं गळून गेलं तरी ह्या औषधावर गाडी पन्नास मैल जाते. मला गाडी शिकवली दाजींनी, त्यांच्या इंजिनासाठी मी एवढं तरी करावं.

बाकी खुशाल. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
कपिल

———

महाबळेश्वर,
ता. १४ जून १९९६

चि. कपिल यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र आलं, बाटल्याही आल्या. गुंडानं त्या साबणाच्या खोक्यात घालून आणल्या. सासूबाईंना वाटलं भावानं बहिणीला काही तरी धाडलं. उघडून बघितलं तर औषध, तेही गाडीचं. त्या म्हणाल्या, तुझ्या भावाला माणसापेक्षा इंजिनाची काळजी जास्ती दिसते.

इकडं पावसानं यंदा लवकरच घर धरलंय. कपडे चुलीवर वाळवते आहे. बाजार बंद, हॉटेलं बंद, टॅक्सीवाले आपापल्या गावी गेले. आपलीही टॅक्सी शेडात दगडांवर चढवली, चाकं काढून घरात आणली आणि वरून ताडपत्री बांधली. ह्यांनी तू सांगितलंस तसं सगळं केलं. औषध ओतल्यावर इंजिन शिलाई मशीनसारखं चालायला लागलं. चार वेळा मला बाहेर बोलावून ऐकवलं. मला काही फरक कळला नाही, पण मी हो म्हटलं.

आता एक विचारायचं आहे. अकरा वर्षांत ह्यांनी पावसाळ्याआधी ऑइल काढायचं कधी चुकवलं नव्हतं. ह्या वर्षी तुझ्या सांगण्यावरून तसंच ठेवलंय. पण बाटली ओतताना तिच्या तळाला पांढरं पिठासारखं बसलेलं ह्यांना दिसलं. ते विचारतात, गाडी चार महिने उभी राहिली तर हे पीठ इंजिनातही तळाला बसेल का? दिवाळीच्या आधी गाडी खाली घेताना ऑइल काढून टाकू की तसंच चालवू? कंपनीच्या माहितीपुस्तकात काय दिलंय ते दोन ओळींत कळव. दोनच ओळी मागते, चार मागितल्या तर तू पुढच्या जयंतीला लिहिशील.

पोटाला वेळेवर घालत जा. आठवण काढणारं माणूस इथं आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आम्रपाली

———

वडूज,
ता. २२ ऑगस्ट १९९६

ती. आक्कास,
कपिलचा जयभीम. वि. वि.

दाजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते ह्याच पत्रात देतो, म्हणूनच बसलोय.

महिनाभर वडूजच्या बाजूला आहे. तुमच्याकडं पाऊस घरात शिरतो आणि इथं ढग नुसते येऊन बघून जातात. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांत एवढा फरक कसा, ते मला न्हाई समजत. बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली. इथं आकाराम म्हणून एक फौजी हायत. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढली, आता स्टँडाजवळ गॅरेज टाकलंय. बोलणं सगळं अर्धं हिंदी. त्यांच्याकडं जेवतो कधी कधी. त्यांच्या बायकोनं केलेली हुलग्याची शेंगोळी खाल्ली, आईची आठवण झाली. तू करतेस तशी न्हाईत, आणखी तिखट.

विक्री जरा थंड आहे. हंबीरराव म्हणतात तुझ्या तोंडातला जोर कमी झाला. खरं असंल. घसा बसलाय. मध्ये एकदा मशीन पोत्यात बांधून देऊन टाकावं आणि मिरजेला जाऊन तंबोऱ्याच्या कारखान्यात शिकावं असंही मनात आलं. तिथं एक म्हातारा भोपळ्याला टिचकी मारून सांगतो, हा बोलेल, हा बोलायचा न्हाई. तास न् तास बघत बसलो होतो. तुला कधी दाखवीन.

सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? दाजी पावसाळ्यात वेताच्या खुर्च्या विणतात का अजून?

आता ऑइलाचं. दाजींना म्हणावं, गाडी खाली घ्यायच्या आधी... पण पानच संपलं बघ, चिकटवायच्या घडीपर्यंत आलो. ह्यावर सविस्तर लिहावं लागंल. पुढच्या पत्रात नक्की.

कपिल

———

महाबळेश्वर,
ता. २ डिसेंबर १९९६

चि. कपिल यास,
आशीर्वाद.

तुझं पुढचं पत्र आलं नाही. ह्यांनी दिवाळीआधी ऑइल न काढताच गाडी खाली घेतली. मी हे लिहिते आहे.

गेल्या रविवारच्या आधल्या रविवारी, चोवीस तारखेला, हे वाईहून पुण्याची चार माणसं घेऊन वर येत होते. पसरणीच्या घाटात ऑइलाचा लाल दिवा लागला. ह्यांनी तो बघितला. गाडी कडेला घ्यायला पाय ब्रेकवर गेलाही होता. पण तुझं बोलणं डोक्यात होतं, ऑइल नसलं तरी पन्नास मैल. पाचगणी आता थोडीच राहिली होती. तसेच पुढं गेले. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी आडवी होऊन कठड्यावर गेली. कठडा होता म्हणून सगळी जिवंत आहेत. एका आजींच्या कपाळाला पाच टाके पडले. ह्यांचा उजवा खांदा उतरला. डॉक्टर म्हणतात, घाटात स्टिअरिंग ओढायचं आता वर्षभर तरी नाव नको.

वाईच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं. ऑइल जिथून वर ओढलं जातं ती तळाची जाळी पांढऱ्या चिखलानं बुजली होती.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. स्टँडवर लोक म्हणतात, प्रशांत प्यायला होता. कुणी म्हणतं, चाकावर डुलकी लागली. ह्या माणसानं आजवर दारूला तोंड लावलेलं नाही, हे त्याच लोकांना ठाऊक आहे. स्टँडवरच्या चौकशीत ह्यांनी एवढंच सांगितलं, की दिवा लागलेला बघितला आणि थांबलो नाही. का थांबला नाहीत विचारल्यावर गप बसले. मी घरी भांडले. तर म्हणाले, मेव्हण्याचं नाव चार लोकांत कशाला घेऊ, ते पोरगं आत्ता कुठं एका कामावर टिकलंय. औषध बरोबरच असणार, मीच ते कालवण्यात कुठं तरी चुकलो असेन.

स्टँडवर टॅक्सीच्या लायनीत आपला नंबर चौथा आहे. अकरा वर्षांचा. तो ठेवायचा की काढायचा ह्यावर रविवारी पंधरा तारखेला स्टँडवर बैठक आहे. गाडी दुरुस्त होईल, ड्रायव्हर ठेवता येईल. पण नंबर गेला तर गाडी असून उपयोग नाही, आणि दारुडा हे नाव लागलं तर ते नंबराबरोबर जाणार नाही.

तू ये. औषध चांगलं असेल तर चांगलं सांग, वाईट असेल तर वाईट सांग. दिवा लागला तरी चालतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं, तेवढं चार माणसांत बोल. आधीचं आधी झालं. ह्या वेळी पत्र लिहू नकोस, ये.

आम्रपाली

———

सांगली,
ता. १९ डिसेंबर १९९६

ती. आक्कास,
कपिलचा जयभीम. पायांवर डोकं ठेवायचं तोंड मला राहिलं न्हाई.

तुझं पत्र मला सहा तारखेला मिळालं. आज एकोणीस.

चौदाला मी निघालो होतो. साताऱ्यापर्यंत आलो. महाबळेश्वरच्या गाड्या समोर लागायच्या, मी पुढच्या गाडीनं जाऊ म्हणायचो. अशा चार गाड्या गेल्या. मग वडूजची गाडी लागली आणि मी तिच्यात चढलो. मला वाटलं आकाराम फौजींना बरोबर घेऊन जावं, त्यांचं ऐकतील. ते जॅकखाली झोपून काम करत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीखालूनच म्हणाले, मी येऊन काय बोलू? तुला जुलैमध्येच सांगितलं होतं, हे बोलू का? मी तिथूनच माघारी आलो.

तर आता ते जुलैचं. आकारामांच्या गॅरेजात मी मशीन लावलं होतं. पंधरा-वीस ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाले. मी वजनं अडकवली, औषध सोडलं, कडं फिरलं. आकाराम उठून घरात गेले आणि डोकं धुवायच्या शांपूची पुडी घेऊन आले, ती रुपयावाली. कडं पुसलं, त्याच्यावर पुडी पिळली आणि मला म्हणाले, लगाव. मी सहा वजनं लावली. कडं तसंच गुमान फिरलं, वर फेसही आला. मग त्यांनी लोकांना विचारलं, आता इंजिनात शांपू घालायचा का, बोला. लोक हसून हसून खाली बसले. मीही हसलो, आक्का.

लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, तुझं मशीन खोटं न्हाई, पण इंजिनात असलं कडं न्हाई आणि असली गोळी न्हाई. चांगलं ऑइल घाला, वेळेवर बदला, दुसरं काय लागत न्हाई. आणि हे पांढरं पीठ चालत्या गाडीत एक वेळ फिरत राहील, उभ्या गाडीत खाली बसणार. मला त्याच वेळी दाजींची शेडातली गाडी डोळ्यांसमोर आली. तुझं जूनचं पत्र खिशातच होतं.

त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या तर पुरे होतं. ऑइल काढून टाका. एवढंच. ऑगस्टमध्ये तेच लिहायला बसलो होतो. पान संपलं न्हाई, मी संपवलं. तंबोरे, शेंगोळी, ढग. खरं लिहिलं असतं तर ह्या कामातून उठायला लागलं असतं. आणि दाजी मला पहिल्यांदाच कामाचा माणूस म्हणत होते. दिवाळीला अजून अवकाश आहे, असं रोज म्हणत राहिलो. आणि ते माहीत झाल्यावरही आणखी चार महिने बाटल्या विकल्या. किती गाड्यांत हे पीठ घातलंय ते मी मोजलेलं न्हाई, मोजवत न्हाई.

बैठक होऊन गेली असणार. तरी हे पत्र स्टँडवर वाचून दाखव, खाली माझी सही आहे. दाजी प्यायले नव्हते. झोपले नव्हते. माझ्यावर भरवसा ठेवून ते चालत राहिले. मी उद्या

आक्का, मध्ये अर्धा तास गेला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय. पुढं हंबीररावांशी कोण बोलतंय म्हणून पडदा सारून बघितलं, तर दाजी आलेत. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, डाव्या हातात पिशवी. तुला वाईच्या मिस्त्रीकडं जातो म्हणून सांगून निघाले म्हणे. रविवारी नंबर गेला, ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. मला तोंड उघडू दिलं न्हाई. पाठीवर डावा हात ठेवला आणि म्हणाले, कपिलराव, आता घाट आपल्याच्यानं होत न्हाई, तुमच्या मालकांना सातारच्या बाजूला माणूस पाहिजे असंल तर माझं नाव घाला. मग हंबीररावांना म्हणाले, औषध अस्सल आहे, इंजिनाचा आवाज मी स्वतः ऐकलाय, माझीच चूक झाली. हंबीरराव लय खूश. अकरा वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस बोलला तर दहा बाटल्या जास्ती जातील म्हणाले, आणि चहा सांगितला.

आता दाजी मशीनपुढं स्टुलावर बसलेत आणि डाव्या हातानं वजनं कशी अडकवायची ते बघतायत. हंबीरराव मला हाका मारतात, दाजींना चालवून दाखव म्हणून. हे पत्र हातात घेऊनच बाहेर जातो.

कपिल