आतलं दुखणं, बाहेरचं दार

तीर्थरूप मामांना तुमच्या एकुलत्या एक भाच्याचा नमस्कार, आणि दुखऱ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. (कसा आहे तो? मी विचारतो आणि पुढे निघून जातो, असं तुम्ही म्हणता, म्हणून या वेळी थांबून विचारतोय. असो.)

मामा, "तुला साधं दार तरी लावता येतं का रे?" असं तिने विचारलं आणि त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं. तोवर माझं सगळं सरळ होतं. राग आला की उठायचं, बाहेर पडायचं, दार आपटायचं, विषय संपला. कॉलेजही मी असंच सोडलं, तुम्हाला ठाऊकच आहे. (वर्गाच्या दाराची ती काच आधीपासूनच तडकलेली होती, हे मी आजही सांगतो.) पण गेल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीच्या घरातून मी असाच तरातरा निघालो, तर ती जिना उतरून मागे आली. (नाव लिहीत नाही, कारण तुमची पत्रं मामी आधी वाचते. मामी, तुलाही नमस्कार.) म्हणाली, लग्नाचं खरंच मनात असेल तर आधी माझ्या बाबांसमोर बसून ये, आणि त्यांच्या दवाखान्यातल्या खोलीतून दार न आपटता बाहेर पडून दाखव. जमलं तर पुढचं बोलू, नाहीतर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या.

आता तिचे बाबा म्हणजे डॉक्टर. तेही फिजिशियन, म्हणजे माणसाच्या आत जे जे म्हणून असतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. घरी ते कुणाला भेटत नाहीत आणि दवाखान्यात पेशंटशिवाय कुणाला बसू देत नाहीत. लोक आजारी पडले की डॉक्टर शोधतात, माझा डॉक्टर ठरलेला, आजाराचाच पत्ता नव्हता. दवाखान्यात फोन लावून म्हटलं, पाय दुखतो. तिथल्या बाई म्हणाल्या, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या दिवशी आवाज बदलून म्हटलं, घसा धरलाय. तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला. मग डोकं दुखतं म्हटलं, तर म्हणे चष्मा कधी तपासला होता? मी भडकलोच. म्हटलं, अहो बाई, आत दुखतंय, आत! कुठे ते मला कळत असतं तर मीच डॉक्टर झालो नसतो का? त्या शांतपणे म्हणाल्या, "मग असं आधी सांगायचं ना! आमच्याकडेच या." (बघा मामा, आवाज चढवल्याशिवाय माणसाचा नंबर लागत नाही.)

दवाखान्यात गेलो तर ती कोपऱ्यात मासिक उघडून बसलेली, जन्मात कधी मला पाहिलं नसल्यासारखी. (वेळ मीच तिला कळवली होती.) तिला बघून लक्षात आलं की आपण चांगलेच कात्रीत सापडलोय. तपासून घ्यायचं तर आजारी हवं आणि जावई व्हायचं तर ठणठणीत हवं. हे दोन्ही एकाच खुर्चीत कसं बसवायचं याचा विचार होण्याआधीच आत बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, झोप? म्हटलं, गाढ. भूक? दणकून. दम लागतो? चार जिने एका दमात चढतो. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग आलात कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, छातीत धडधडतं. कधी? दिसली की. काय दिसली की? आता काय सांगणार? म्हटलं, बस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बस बघून धडधडतं?" म्हटलं, सुटेल म्हणून.

मग त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला, नाडी धरली, छाती ऐकली, पाठ ऐकली. म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही, नुसता राग दिसतोय. एवढ्यावर थांबतील तर शपथ! पट्टा काढायचं विसरून म्हणतात कसे, असाच एक भडक डोक्याचा पोरगा आमच्या मुलीच्या मागे आहे म्हणे, कॉलेज अर्धवट सोडलेला, त्यालाही एकदा तपासायचाय. मामा, पट्टा माझ्या दंडावर, आकडा त्यांच्यासमोर! त्यांनी पुन्हा मोजलं, आणि आकड्याकडे बघत विचारलं, "अरेच्चा, हे आता कशाने वाढलं?" मी पट्टा ओरबाडून काढला आणि उठलो. मागून आवाज आला, "दार सावकाश हं." (सगळ्यांना सांगतात की मलाच, हे अजून कळलेलं नाही.) झालं, डोकं सटकलं. मी सगळा जोर लावून दार मागे ढकललं.

आणि ते आपटलंच नाही. कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसं मध्येच थबकलं, फुस्स केलं आणि मांजराच्या पावलांनी येऊन अलगद लागलं. मूठ उगारावी आणि समोर कुणीच नसावं, तसा मी उभा. तिने मासिक मिटलं, हसली, म्हणाली, "जमलं की रे! रविवारी बाबांना घेऊन येते तुमच्याकडे." तेव्हापासून मी बरा आहे की आजारी, जिंकलो की फसवलं, काही कळत नाही. झोप मात्र आता खरंच लागत नाही.

तुमचा (बहुधा निरोगी) भाचा

ता. क. : दाराच्या वर लोखंडी हात असलेली ती डबी तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात डोअर क्लोजर म्हणून मिळते, असं आई म्हणाली. रविवारच्या आत दोन पाठवा. एक माझ्या खोलीला आणि एक बाबांच्या. (मी कुणावर गेलोय हे तुम्ही आईच्या लग्नापासून बघताय.)

ता. क. दुसरा : आत्ता पाकीट चिकटवताना सुचलं. दवाखाना तिच्या बाबांचा. लहानपणापासून ती तिथे येते-जाते. ते दार आपटत नाही हे तिला माहीत नसेल, असं होईल का हो, मामा? मग तिने मुद्दाम तेच दार का निवडलं? माझं डोकं पार गरगरतंय. क्लोजर पाठवा, पण माझ्या खोलीला नको, बाबांच्याच लावू. माझं मी बघतो. हे पत्र टाकायला निघालोच आहे. बाहेर उभं राहून, कडी हातात धरून, दार हळूच ओढून घेणार आहे. करकरेल थोडं, पण लागेल.