ज्वालामुखीच्या पायथ्याशी जागा धरली

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळ.
एलोदीच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील पॅरिसहून आलेत. या दोन दिवसांत लग्न पक्कं व्हायचंय. लेकीचं भवितव्य सर्वस्वी माझ्यावर. अख्खं रियुनियन बेट मी पायाखाली घातलंय. मी ज्वालामुखी दाखवल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

मेहुणा फिर्मँ म्हणाला, दाजी, विवराच्या कड्यावर सकाळी सहाला पोचायचं, नऊनंतर नुसते ढग. हा मला शिकवणार. मी रविवारी दुपारी तीनची वेळ ठरवली आहे. आधी जेवण, मग विवर. उपाशी माणूस थक्क होत नाही.

बायको म्हणाली, रविवारच्या जेवणाला ज्वालामुखीखालची समुद्राकाठची शेड धरायला अनुभवी माणूस हवा, तुम्हीच पुढे जा. मार्लेनला माझी किंमत कळायला सव्वीस वर्षं लागली.

शनिवार, १९. सकाळी ६.१०.
शेड मिळाली. सुरूच्या झाडांना दोरी, वर ताडपत्री. रविवारची शेड शनिवारी न धरणारे लोक रस्त्याच्या कडेला बसून भात खातात.
निश्चय: पाहुणे येईपर्यंत रम नाही.

११.४०.
थोडी रम. दोरी ओलांडणाऱ्या एका कुटुंबाशी हुज्जत घालून घसा बसला होता.

संध्याकाळी ५.
मार्लेनचा फोन लागत नाही. डोंगरात रेंज नसतेच. आमचं घर डोंगरात नाही, पण असो.

रविवार, २०. सकाळी ८.
चूल पेटवली. बारा जणांचा सॉसेजचा रस्सा चढवला. पाहुण्यांना सांगायचे मुद्दे: लाव्हाचे प्रकार, सगळे.

१०.५०.
कुणी नाही. पॅरिसची माणसं, उशिरा उठत असतील.

१२.३०.
शेजारच्या शेडमधल्या बाई फिर्मँच्या ओळखीच्या निघाल्या. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. आज सकाळचा. विवराचा कडा, लख्ख ऊन. फिर्मँ हात लांब करून काहीतरी दाखवतोय आणि विहीणबाई गालावर हात ठेवून ऐकतायत. मागे माझी बायको डबा उघडून सगळ्यांना वाढतेय.
फोटो जुना असेल. पण एलोदीच्या डोक्यावरची टोपी मीच गुरुवारी घेऊन दिली.
घरच्यांनीच केसानं गळा कापला. मला इथे दोरीला बांधून सगळे वर गेले.

संध्याकाळी ५.१५.
एलोदी एकटीच आली. मी खूप बोलायचं ठरवलं होतं, पण तीच बोलली. म्हणाली, पप्पा, शुक्रवारी जेवताना तुम्ही दोन तास लाव्हावर बोलत होतात, त्यांना साधं मीठ मागता आलं नाही. मलाही त्यांच्याशी चार शब्द बोलायचे होते. आईलाच ही कल्पना सुचली.
लग्न मार्चमध्ये. कड्यावरच ठरलं. बापाच्या जागी फिर्मँमामा बोलला, थोडक्यात आणि छान बोलला म्हणे.
फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलंही. तिनं माझा हात धरला.
मग मी विचारलं, मी का आलो नाही, याचं त्यांना काय कारण सांगितलंत? तिनं पातेल्यातल्या रश्श्यावर झाकण ठेवलं.
म्हणाली, त्यांनी विचारलं नाही.