गुप्त फॉर्म

२० सप्टेंबर १९९९
आजपासून डायरी. पुढं पेपरवाले माझ्या मुलाखती घेतील तवा तारखा लागतील.
आदिनाथ सरांनी त्यांच्या कोपरगावच्या कम्प्युटर क्लासमदलं पैलं मोठं काम मला दिलं. वधू-वर मंडळाची वेबसाईट, तिच्यावर फॉर्म बसवायचा. लोक क्लासमदी येऊन भरनार. दसऱ्यापर्यंत पंचवीस फॉर्म आले तर मी कायम. न्हाईतर आई-दादांबरोबर ऊसतोडीला. दादांनी माझ्यासाठी कोयता घेऊन ठेवलाय म्हनं. तिसगावला घरी निरोप धाडला, कोयता परत करा.
फॉर्म लई भारी गोष्ट. कुनाला कुनाशी बोलावं लागत न्हाई. लाजऱ्या लोकांची सोय. मी लाजरा न्हाई. नववीत बाईंनी उभं राहून धडा वाचायला लावला तवापासून शाळेत गेलो न्हाई, ती गोष्ट वेगळी.

२४ सप्टेंबर
अमेरिकेतली एक कंपनी सिक्युअर फॉर्म फुकट देती. त्यांचा कोड कॉपी करून आपल्या पानात चिकटवायचा. त्यांच्या पानावर खाली कोपऱ्यात बारकं कुलूप दिसतं, म्हंजे माहिती चोरीला जात न्हाई. आपल्या पानात फॉर्म आला. कुलूप आलं न्हाई.

२६ सप्टेंबर
कुलूप पेंटमदी काढलं आन चिकटवलं. सर म्हनले, गोडाऊनचं वाटतंय. म्हंजे मजबूत.

२९ सप्टेंबर
दारावरचा बोर्ड. सिक्युअरला मराठीत काय म्हनायचं ते सरांनी माझ्यावर सोडलं. लोकांच्या वळखीचा शब्द पायजे. यष्टी स्टँडपासून पुलापर्यंत भिंतीभिंतीवर एकच शब्द हाय. तोच घेतला.
'येथे गुप्त फॉर्म भरून मिळतील. नाव कुठेही कळणार नाही.'
वधू-वर मुद्दाम लिवलं न्हाई. लोक लाजत्यात.
कोंडीराम पेंटरनं इचारलं, डॉक्टर कुठले हायेत? मी काय बोललो न्हाई. कामाच्या टायमाला बोलत नसतो. त्यानं आपल्या मनानं लाल रंग मारला. म्हनला, असल्या बोर्डाला लालच लागतो.
सर मागच्या जिन्यानं येत्यात. त्यांना सरप्राईज.

१ ऑक्टोबर, दुपारी ३
पैलं गिऱ्हाईक. चाळीशीचा गडी, तोंडाला टॉवेल. चार येळा रस्त्यावरून गेला, मग आत. हळू इचारलं, हितंच का? मी मान हलवली.
फॉर्म इंग्लिशमदी. त्यामुळं मलाच इचारावं लागलं. ही तात्पुरती अडचन.
नाव? नाव नको. मी 'एक्स' टाकलं.
धंदा? मानसं पुरवतो.
लग्न? झालंय. पोरं तीन.
वधू-वरला हे जरा जास्तीचं वाटलं, पन माहिती फुल्ल आसलेली बरी.
अपेक्षा? टॉवेल आनखी वर वढला. मग म्हनला, फरक पडावा.
टाईप केलं. गोळ्या कधी येतील, असं कायतरी इचारलं. मी म्हनलं, आठ दिवसात उत्तर यील.

७ ऑक्टोबर
अकरा फॉर्म. सगळे बाप्ये, सगळे लग्न झालेले. एकानं इचारलं, आयुर्वेदिक का इंग्रजी? अमेरिकन कंपनी हाय म्हनलं. तो लई खूश झाला. जाताना पाया पडला.

१२ ऑक्टोबर
वरच्या टायपिंग क्लासच्या भारतीताईंनी पोरींना आमच्या दारावरून यायचं बंद केलंय. गर्दीमुळं आसनार. त्यातली जयमाला आदी माझ्याकडं बघायची, आता तोंडावर ओढनी घेऊन पळती. प्रेमात आसं होतं म्हनं.

१६ ऑक्टोबर
सव्वीस फॉर्म. टार्गेट फोडलं. सगळ्यांच्या प्रिंट काढून मंडळाच्या अध्यक्ष पुष्पावती बाईंकडं धाडल्या.

१७ ऑक्टोबर
बाई सोता आल्या. प्रिंट वाचत हुत्या. मुलगी एक न्हाई, मुलगे सगळे संसारी. अपेक्षा, पैल्यासारखं व्हावं. अपेक्षा, बायकोला कळू नये. आदिनाथ, हे आमचं मंडळ हाय का काय हाय, आसं म्हनल्या.
सर पैल्यांदाच पुढच्या दारानं रस्त्यावर गेले. बोर्ड वाचला. पायरीवर बसले. मग म्हनले, गोरक्ष, गुप्त काय रे.
मी म्हनलं, सव्वीस झाले सर.

१९ ऑक्टोबर, दसरा
सर मोठ्या मनाचे. म्हनले, नोकरी ठेवतो, पन बोर्ड काढ आन महिनाभर दारात उभा राहा. जो यील त्याला तोंडानं सांग, हितं औषध मिळत न्हाई.
दहा वाजता उभा राहिलो. सव्वादहाला एक म्हातारा आला. माझ्याकडं बघत उभा. मीबी बघत उभा. तो म्हनला, बोल की पोरा.
साडेदहाला राजीनामा दिला. बोलनं माझं काम न्हाई. मी टेक्निकल मानूस हाय.

१५ नोव्हेंबर
कारखान्यावर आलो. तात्पुरतं. ऊसतोडीतबी कुनी जास्त बोलायला लावत न्हाई, हे एक बरं हाय.
यंदा मुकादम नवीन, गहिनीनाथ भाऊ. सगळ्या टोळीसमोर उभे राहून वरडत हुते. माझ्याजवळ आले आन एकदम गप झाले. मला उसाच्या आड नेलं. टॉवेल तोच.
म्हनले, आठ दिवस म्हनला हुतास. दीड महिना झाला.
मी म्हनलं, अमेरिकेतनं यायचंय.
म्हनले, टोळीत कुनाला माझं नाव सांगू नको.
मी म्हनलं, सिक्युअर हाय.
त्यांनी कोयता हातात दिला.