ड्रमच्या माइकमधला आवाज

९ सप्टें. १९८५, शिकागो

अखेर ऑर्विलच्या गाण्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. दोनदा कॅन्सल झालं होतं, तिसऱ्यांदाही होणार म्हणून मी डबासुद्धा नेला नव्हता. मग दिवसभर उपाशी.

ऑ. जमैकाचा. पन्नाशी उलटली आहे. तरुणपणी लंडनला त्याचं एक गाणं तुफान चाललं, ते अजून सुपरमार्केटात कानावर पडतं. त्यानंतर काही नाही. साउथ साइडला बहिणीकडे राहतो. आता एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने एक सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची तबकडी, काढायचं कबूल केलंय. चाललं तर पुढे पूर्ण रेकॉर्ड. नाही चाललं तर? "मग बस चालवायची, मिस सू. लायसन्स आहे माझ्याकडे." मी सुजाता, इथली रेकॉर्डिस्ट, पण सगळ्यांची सू.

बँड आणि तो एकत्रच घेतले. गाताना काचेच्या खोलीचं दार उघडं ठेवतो, ड्रमवाल्याचा पाय दिसला पाहिजे म्हणे. मी ओरडले, दार लाव, तुझा आवाज ड्रमच्या माइकमध्ये जातोय. स्टुडिओचा मालक जेरी म्हणाला, "सोड ना. गाइडच आहे. बँडला अंदाज यावा म्हणून. खरं गाणं नंतर सावकाश घेऊ."

पण गायला काय! मी आवाजाच्या मीटरकडे बघायचं विसरले. माझ्याकडून असं होत नाही.

१३ सप्टें.

ट्रंपेटवाले आले. टेपवर त्यांच्यासाठी रिकामा ट्रॅक शिल्लक नाही. जेरी म्हणाला गाइड पुसून त्यावर घे. पुसलं. गाइड कुणीच ठेवत नाही, दर गाण्याला हेच करतो.

रेवाला शाळेतून आणायला उशीर. कार्टीने रुसून अर्धा तास तोंड उघडलं नाही. नऊ वर्षांची आहे, रुसवा मात्र माझ्या सासूबाईंचा.

२० सप्टें.

ऑ. खरं गाणं गायला आला. आवाजच निघेना. पहिली ओळ ठीक, दुसरीत घसा फाटला. गरम पाणी, मध, आलं, माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचंसुद्धा चाटून झालं. शेवटी काचेच्या खोलीत खाली बसला. मी लाइट मंद केला, म्हणजे इतरांना तो दिसू नये.

मला फार वाईट वाटलं.

२४ सप्टें.

घशात गाठ. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तोवर एक शब्द बोलायचा नाही. नंतर बोलता येईल बहुतेक, गाणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. त्याची बहीण मे हिने फोनवर सांगितलं. एका दमात, जणू घोकून ठेवलं होतं.

जेरीने विचारलं, "गाइड आहे ना?"

मी म्हटलं, तूच पुसायला सांगितलंस. त्याने पेन्सिल भिंतीवर मारली.

२७ सप्टें.

सापडला!

ड्रमच्या वर टांगलेल्या माइकचा ट्रॅक एकटाच लावला, खालचे सूर कापले, वरचे कापले, आणि झांजेच्या मागे ऑ. दार उघडं ठेवलं होतं ना बाबाने. लांबून, भिंतीपलीकडून गातोय असा, पण पूर्ण गाणं आहे. मी एकटीच खुर्चीतून उठून नाचले. जेरीने माझं कपाळ चुंबलं, मी पुसलं.

३० सप्टें.

आज मे त्याला घेऊन आली. गळ्यात दोरीने पाटी, पोरांची असते तशी, आणि खडू. मी ऐकवलं. वाटलं खूश होईल.

पहिली ओळ संपायच्या आतच त्याने माझा हात धरून टेप थांबवायला लावली. पाटीवर लिहिलं, LESTER.

हा कोण लेस्टर? मेने सांगितलं. धाकटा भाऊ. दोघे जमैकात, किंग्स्टनला, एकाच माइकवर गायचे. लंडनचं ते प्रसिद्ध गाणंही दोघांनीच गायलेलं. कंपनीला रेकॉर्डवर एकच चेहरा हवा होता. त्यांनी लेस्टरचा ट्रॅक पुसला आणि त्याला किंग्स्टनला परत धाडलं. ऑ. राहिला. लेस्टर तिकडेच वारला, त्यालाही बरीच वर्षं झाली.

मी म्हटलं, "मे, अहो, मी स्वतः रेकॉर्ड केलंय. खोलीत ऑर्विलच होता. माइक लांब होता म्हणून आवाज वेगळा येतो."

ती म्हणाली, "दोघंही माझेच भाऊ. मला कळणार नाही होय?"

२ ऑक्टो.

ऑपरेशन झालं. ठीक आहे म्हणतात.

आमच्या घरात देव आणि भूत दोघांनाही बंदी. वडील म्हणायचे कारण सापडत नसेल तर आणखी शोध. म्हणून शोधतेय. लांबच्या माइकमध्ये भिंतींवरून येणारा आवाज जास्त, छातीतला कमी. झालं कारण.

पण टेपवरचा हा श्वास भलत्याच ठिकाणी घेतो. ऑ. ओळीच्या शेवटी खाली यायचा, हा वर जातो. की ऑ.सुद्धा वरच गेला होता? मला आठवतंय तसंच होतं का? ताडून बघायला गाइड नाही.

६ ऑक्टो.

रविवार. डेव्हन ॲव्हेन्यूला देशी दुकानांत गेलो. पार्किंग मिळेना, दिलीपने तीन चकरा मारल्या आणि मलाच बोलला, नवरेच ते. वाटेत गाडीत कॅसेट लावली होती, नुसत्या ड्रमच्या ट्रॅकची. दिलीपला आवडलं. मागच्या सीटवरून रेवा म्हणाली, "मॉम, व्हाय इज द अदर गाय नॉट सिंगिंग?"

म्हटलं, कुठला अदर गाय?

"ही कीप्स वेटिंग फॉर हिम." म्हणजे गाणारा कुणासाठी तरी थांबतोय.

कॅसेट काढली. डाळ, पोहे, गूळ घेऊन परत.

११ ऑक्टो.

टेप जितकी वाजवावी तितकी झिजते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. इथे उलट. मागच्या आठवड्यात आवाज झांजेच्या मागे होता, आज पुढे आहे. मी एकही बटण हलवलेलं नाही. बटणांपाशी खुणा करून ठेवल्या होत्या, त्या जागच्या जागी. जेरी म्हणतो माझे कान तयार झाले. त्याला काय, त्याला गाणं मिळतंय.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१८ ऑक्टो.

कंपनीला ऐकवलं. नाचायचेच बाकी होते. असा आवाज आता कुणाचा राहिलेला नाही, वगैरे. रेकॉर्डवर नाव ऑर्विलचं, चेहरा ऑर्विलचा. डिसेंबरात तीन-चार हॉलमध्ये कार्यक्रम, टेप लावायची आणि त्याने नुसते ओठ हलवायचे. टीव्हीवर सगळेच हलवतात.

अट एकच. ऑ.ने हा आवाज माझाच आहे असं सांगायचं. कारण मेने तिथे सगळ्यांसमोर लेस्टरचं नाव काढलं.

ऑ.ने लिहिलं, माझा नाही.

जेरी म्हणाला, "मग कुणाचा? मेलेला माणूस तुझ्या ड्रमरच्या डोक्यावर बसला होता? ऑर्विल, हे गेलं तर दुसरं येणार नाही. तुला गाता येत नाही आता."

क्रूर, पण खोटं काय होतं त्यात? ऑ.ने पाटी पुढ्यात घेतली. मग हाताने पुसली आणि मान हलवली. हो म्हणून.

मे उठून गेली. मलाही तिथे बसवेना.

२ नोव्हें.

ऑ. घरी जेवायला. आता कुजबुजतो. वरण-भात आणि वांग्याची भाजी खाल्ली, तिखट नको म्हणून मिरची घातली नव्हती. रेवा "ऑर्विल काका" म्हणते, त्याला गंमत वाटते. तिने पाटीवर त्याला आपलं नाव मराठीत लिहून दाखवलं, "र" उलटा.

भांडी घासताना तो शेजारी पुसायला उभा राहिला. मी विचारलंच, तेव्हा लंडनला त्यांनी लेस्टरला पुसलं, तू काही बोलला नाहीस?

कुजबुजला, "मला वाटलं एक गाणं चालू दे. मग त्याला बोलावून घेईन."

मग म्हणाला, "मलाही पुसलंस ना तू. म्हणून जागा झाली त्याला."

चेष्टेत म्हणाला असावा. मी म्हटलं, काम होतं माझं. तो म्हणाला, ठाऊक आहे, मिस सू, त्यांचंही काम होतं.

३ नोव्हें.

डोक्यातून जात नाही. वडिलांची गायन पार्टी होती. नागपूरला जयंतीच्या दिवसांत या वस्तीतून त्या वस्तीत गायचे, घसा बसेपर्यंत. आज त्यांचा आवाज कुठेच नाही, एका कॅसेटवरसुद्धा नाही. कुणी मला म्हणालं असतं की ड्रमच्या माइकमध्ये ऐक, तर मी नको म्हटलं असतं का? कान लावून बसले असते. आणि तो दुसऱ्याच्या नावावर विकला गेला तर? गप्प बसले नसते. ऑ. गप्प आहे, पण तो भाऊ आहे आणि त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

२३ नोव्हें.

ओठ हलवायची प्रॅक्टिस. मोठा आरसा आणलाय. ऑ.ला अजिबात जमत नाही. स्वतःचं गाणं, स्वतःचे शब्द, तरी चुकतो. श्वासाला अडतो. जेरी वैतागून निघून गेला.

मग जमलं. म्हणजे एकदम. इतकं जमलं की मला आरशात बघवेना, मी टेपच्या मशीनकडे तोंड केलं.

८ डिसें., रविवार

पहिला कार्यक्रम. वेस्ट इंडियन लोकांचा हॉल, दुपारची वेळ. बर्फ पडत होता, तरी माणसं भरपूर. ठेवणीतले कपडे, लहान मुलं, मागच्या टेबलांवर झाकलेली पातेली. मे पहिल्या रांगेत. येणार नाही म्हणाली होती. मी स्टेजच्या कडेला मशीन घेऊन. दिलीप आणि रेवा मागे.

जेरीने नाव पुकारलं. लोक उभे राहिले, म्हातारी माणसंसुद्धा. या माणसाला कुणी विसरलं नव्हतं. ऑ.च्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं आणि माझेच डोळे भरले.

टेप सुरू केली. पहिलं कडवं ठीक. ओठ इतके बेमालूम की मीही फसले असते.

दुसऱ्या कडव्याला आवाज बंद.

ड्रम चालू, बास चालू, ट्रंपेट चालू. फक्त गाणारा नाही. ऑ.चे ओठ हलताहेत आणि हॉलमध्ये शब्द नाही. माझे हात मांडीवर होते, मी कशालाही हात लावला नाही, कुणाचीही शपथ घ्यायला सांगा. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. जेरी हातवारे करत होता.

ऑ.ने तोंड मिटलं. आवाज आला.

त्याने पुन्हा ओठ उघडले. आवाज गेला.

असं आणखी एकदा झालं. मग तो थांबला आणि स्पीकरकडे बघत राहिला. नंतर माइकपासून एक पाऊल बाजूला सरकला. एवढंच. दोघांनी एका माइकवर गायचं असलं की माणूस सरकतो तेवढा. आणि आवाज सुरू झाला, त्या मोकळ्या माइकमागून यावा तसा, अख्खं गाणं, शेवटपर्यंत. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या वाजवताना कुणी ऑ.कडे बघत होतं, कुणी माइककडे. मे माइककडे बघत होती.

९ डिसें.

जेरीने सकाळी स्टुडिओत टेप तपासली. सलग आहे, कुठेही खंड नाही. म्हणजे चूक माझी, असं ठरलं. मी वाद घातला नाही.

कंपनीचा फोन येऊन गेला. शनिवारी मिलवॉकीला त्याने माइकवर उभं राहून ओठ हलवायचे, नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही. ऑ. आला होता. सगळं ऐकून घेतलं. जेरीने विचारलं, "हलवणार ना?" तो माझ्याकडे वळला आणि कुजबुजला, तिथे स्टेज केवढं आहे?

मी म्हटलं बरंच मोठं आहे.

शनिवारी टेप मी लावणार. तो माइकवर उभा राहणार की एक पाऊल बाजूला, ते त्याने सांगितलेलं नाही.